सखल शेताचा शब्द

फोन अण्णांसाठी आला होता. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. सांगलीच्या एका महाविद्यालयात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं, मी दुसऱ्या महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळलं, आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं एकाच घरात दोन टेबलांवर वाचत बसायचो. पावसाळा सरता सरता ते गेले. त्यांचा फोन मी बंद केला नव्हता. बंद करायला कुठे जावं लागतं हे माहीत असूनही केला नव्हता.

"सर हायत का? मी रायगडवरनं सदाभाऊ बोलतोय. दिवाळीनंतर येतो बोलले होते."

मी सांगितलं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "मग तुमी या."

शेवटच्या काही वर्षांत अण्णा एकाच विषयावर लिहीत होते: तापलेली पृथ्वी माणसाने मुद्दाम थंड करावी का, आणि करायची तर कुणी. कुणी म्हणतं, आकाशात फार उंचावर बारीक कण पसरून ऊन थोडं परतवू. कुणी म्हणतं, दगडाची पूड समुद्रात सोडू. तिने पाण्याची आम्लता कमी होते आणि पाणी हवेतला कर्बवायू जास्त ओढून घेतं. हे सगळं ते छोट्या मासिकांत सोप्या मराठीत लिहायचे. सोपं करण्याचं काम माझं. कठीण शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढायची आणि ते कुरकुरत तो बदलायचे. असाच एक लेख रायगडच्या एका खाडीकाठच्या गावात सदाभाऊंनी वाचला होता, कारण एक कंपनी त्यांच्याच खाडीत अशी पूड टाकायचं म्हणत होती. सभेत सरांनी येऊन समजावून सांगावं एवढीच त्यांची इच्छा होती.

मी जानेवारीत निघाले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथला प्रश्न अजून मिटलेला नाही.

हरिहरेश्वर

नातेवाइकांचं म्हणणं पडलं की कोकणात जातेच आहेस तर आधी हरिहरेश्वरला जा आणि अण्णांसाठी काही कर. अण्णांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा किती आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण वाट फार वाकडी नव्हती, म्हणून गेले.

देवळामागून प्रदक्षिणेची वाट आहे. डोंगर चिरून काढलेल्या पायऱ्या उतरत ती थेट समुद्राच्या खडकांवर जाते. मी पोचले तेव्हा वाटच नव्हती, तिथे लाटा होत्या. नारळ विकणाऱ्या बाईने न विचारता सांगितलं, "आता नाय. सकाळी ओहोटीला या." आमच्याकडे देऊळ बंद होतं ते पुजाऱ्याच्या जेवणाच्या वेळेला. इथे पाणी ठरवतं.

खानावळीच्या मालकीणबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं, "कुणाचं करायला आलात?" इतकं सरळ मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सांगलीत लोक आधी हवापाण्याचं बोलतात.

"भावाचं."

"मोठा का धाकटा?"

"मोठा."

त्यांनी मान हलवली आणि न विचारता भात आणखी वाढला. मला तो संपवता आला नाही, पण बरं वाटलं.

सकाळी प्रदक्षिणा केली. लाटांनी कोरून खडकांना मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. एक कुटुंब पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत होतं. त्यांच्यातला एक म्हातारा कंटाळून मुलाला म्हणाला, "तुझ्या आईला कायम उशीरच लागायचा." सगळे हसले आणि तेवढ्यात कावळा आला. मी काहीच विधी केला नाही. एका खडकावर बसून राहिले आणि पाणी परत यायला लागलं तशी उठले.

तळ्याहून खाडीकडे

म्हसळ्याहून एसटीने तळ्याला आले. डोंगराच्या कुशीतलं लहानसं तालुक्याचं गाव. स्टँडसमोरच्या हॉटेलात सवयीने दोन चहा सांगितले. पोऱ्या दुसरा कप ठेवून कुणी येतंय का म्हणून बघत राहिला. मी दोन्ही प्यायले.

सदाभाऊंनी सांगून ठेवलं होतं, म्हणून कंपनीची जीप मला तिथून घेणार होती. जीपमध्ये तन्वी होती, कंपनीची संशोधक, तिशीची, नव्या मुंबईची. पायात चिखलाचे बूट आणि मांडीवर लॅपटॉप.

"मॅडम, सरांचे आर्टिकल्स मी वाचलेत," ती म्हणाली. "आमच्यावर जरा हार्ड होते ते. पण फेअर होते."

मी विचारलं, "पूड टाकून नक्की काय होईल?"

"खरं सांगू? बहुतेक काहीच वाईट होणार नाही. शिंपल्यांना तर कदाचित फायदाच होईल. पण गाळ किती दिवस राहील, दगडातले धातू किती सुटतील, ते इथल्या पाण्यात करून बघितल्याशिवाय नाही कळत. म्हणून तर ट्रायल."

तिचं खरं बोलणं मला आवडलं. तिने सांगितलं की पैसा परदेशातून येतो. दूर कुठेतरी विमानं उडवणाऱ्या कंपन्या आपला धूर भरून काढायला या कामाचे पैसे देतात. इथली खाडी का निवडली, तर दगड जवळ मिळतो आणि भरती-ओहोटी चांगली आहे. "आणि लोक समंजस आहेत," ती म्हणाली. मग स्वतःच खिडकीबाहेर बघायला लागली.

अण्णा या विषयावर बोलताना पंख्याची गोष्ट सांगायचे. एका खोलीत दहा जण झोपलेत आणि पंखा एकच. एकाला उकडतंय, एकाला ताप आहे, एक दाराजवळ आहे, एक भिंतीला चिकटून. पंखा चालेल की नाही हा प्रश्न सोपा. रेग्युलेटर कुणाच्या उशाशी आहे, हा खरा. मी ती गोष्ट तन्वीला सांगितली. ती म्हणाली, "आणि लाइटचं बिल कुणी वाढवलं, तो पण."

मला ते सुचलं नव्हतं. अण्णांना सांगायला हवं असं वाटलं, आणि मग रस्ता वळला आणि खाली खाडी दिसली. रुंद, करड्या रंगाची, दोन्ही काठांना कांदळवन.

बांधावर

सदाभाऊ गावकीचे, म्हणजे गावाच्या परंपरेने चालत आलेल्या सभेचे, अध्यक्ष. पूर्वी मुंबईत गिरणीत होते, ती बंद पडल्यावर परत येऊन शेती धरली. त्यांच्या घरी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. आमची भाकरी ज्वारीची, हातावर थापून खरपूस भाजायची. ही पांढरी, मऊ, पाण्याच्या हाताने केलेली. ती वाटीत बुडवली की लगेच विरघळते, आणि मी पहिला तुकडा बिरड्यात हरवला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "धरून ठेवा तिला, लाजरी हाय."

दुपारी सदाभाऊंनी बांध दाखवला. इथली बरीच शेती खाडीतून मिळवलेली आहे. बाहेर लांबलचक मातीचा बांध, आत भाताची खाचरं, आणि बांधात मध्ये लाकडी झडपेचं एक दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडून शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं, भरतीला बंद करून खारं पाणी बाहेर ठेवायचं. एके ठिकाणी बांध फुटून पुन्हा भरलेला दिसत होता. फुटला की खांड पडली म्हणतात. आतली खाचरं पांढुरकी, मिठाळ, रिकामी पडली होती.

"उधाणाचं पाणी आता चढतंच जातं," सदाभाऊ म्हणाले. "बापाच्या टायमाला जिथं यायचं न्हाय तिथं येतं. आमी काय धूर केला, सांगा. कंपनी बोलते, आमचा प्रयोग होऊ दे, तुमचा बांध दगडानं पक्का करून देतो. मी कशाला नाय बोलू?"

आम्ही बांधावरून पुढे चालत राहिलो.

उघाडीपाशी मी विचारलं की ती कधी उघडायची हे कोण ठरवतं. कारण वरच्या खाचरवाल्याला पाणी हवं असणार आणि खालच्याचं भात बुडत असणार. आमच्या कृष्णाकाठी दर पुराला हाच वाद असतो, दरवाजे कुणी कधी उघडायचे. तो मिटलेला मी पाहिला नाही.

"इथं वाद न्हाय," सदाभाऊ म्हणाले. "सखलाचा शब्द आधी. ज्याचं शेत सगळ्यात खाली, तो पयला बोलणार. तो बोलेपर्यंत बाकी कुणी तोंड उघडायचं न्हाय. पाण्याचं काय पण असो, सभा त्याच्यापासनं सुरू."

"आणि तो म्हणेल तेच?"

"तसं न्हाय. पण त्याचं ऐकल्यावर बाकीच्यांना जरा लाज वाटते."

सगळ्यात सखल शेत तुकारामचं होतं. तो तिथेच कुदळ घेऊन उभा होता. सदाभाऊंनी ओळख करून दिल्यावर तो अवघडून म्हणाला, "बापाला बोलायची हौस होती, म्हणून त्यानं ते शेत घेतलं. मना न्हाय. सभा बोलली की मना पळून जावंसं वाटतं."

खडकावर

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी एकटीच उघाडीच्या बाहेरच्या अंगाला उतरले. तिथे चिखल आणि त्यापलीकडे काळे खडक आहेत. दहा पावलांत माझी एक चप्पल चिखलाने गिळली. मी वाकून हात घालत होते तेव्हा खडकावरून आवाज आला.

"राहू द्या ती. चिखल एक घेतो, दोन घेतल्याबिगर सोडत न्हाय. दुसरी पण काढा आणि या."

ही हिराबाई. कोळीवाड्यातली, साठीची असेल. उकिडवी बसून छोट्या लोखंडी कोयतीने खडकाला चिकटलेली कालवं फोडत होती. शिंपल्याची वरची झाकणी टचकन उडवायची आणि आतला मऊ, पाणचट जीव वाटीत टाकायचा. नवऱ्याची होडी त्याच्यामागे दिराकडे गेली. हिच्याकडे खडक राहिले. उघाडीच्या तोंडापासून वळणापर्यंतचे खडक ती आणि तिच्या दोन जावा वापरतात. लिहून दिलेलं कुठे काही नाही, पण तिथे दुसरं कुणी बसत नाही.

"खाताव का?" तिने एक पुढे केलं.

मी कधी खाल्लं नव्हतं. खारट, थंड, आणि मागून किंचित गोड. समुद्र घोटभर पिऊन टाकल्यासारखं. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "शिजवल्यावर बरं लागतं. तोंडावरनं कळतं तुमच्या."

बोलता बोलता मी सभेचं काढलं. मला वाटलं, तिला माहीत असेल.

"कसली पावडर?"

मी सांगितलं. दगडाची पूड, उघाडीच्या तोंडाशी सोडायची, म्हणजे ओहोटीच्या पाण्याबरोबर खाडीभर पसरेल. पोती धक्क्यावर येऊन पडली आहेत.

तिची कोयती थांबली. "उघाडीच्या तोंडाशी म्हंजे हितं."

"हो."

"मना कोण बोललं न्हाय." मग कोयती खडकावर टेकवून, "कशाला बोलतील. सभा गावकीची. गावकी शेतवाल्यांची. होडीवाल्यांना मच्छीमार सोसायटीतनं कळवलं असेल. आमी ना शेतात ना होडीत."

तिला पुडीबद्दल काहीच कळत नव्हतं आणि ते ती लपवत नव्हती. पूड म्हणजे सिमेंट असेल, कालवं जागीच घट्ट होतील, असं तिने धरलं. मी ते खोडून काढलं तर म्हणाली, "तुमी टाकून बघितलीय?" मी नाही म्हटलं. "मग सिमेंटच," ती म्हणाली आणि पुन्हा फोडायला लागली. पण आता टचकन आवाज येत नव्हता. दोनदा तिने शिंपलाच चुरला.

हे खडक गेले तर तिचं काय, हे मी विचारलं नाही. वाटी समोर होती.

सभा

दुपारी देवळाच्या मंडपात सभा भरली. घरटी एक पुरुष, तो नियम. बायका बाहेर पायऱ्यांवर. त्यांत सर्वांत खालच्या पायरीवर हिराबाई येऊन बसलेली पाहून सदाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही.

तन्वी इंग्रजी-हिंदी-मराठी अशा तिन्हीत बोलत होती आणि मी ते नीट मराठीत लावत होते. अण्णा असते तर मध्येच फळा मागितला असता. माझं बरं चाललं होतं, एका शब्दापर्यंत. तन्वी म्हणाली, आम्ही सगळ्या स्टेकहोल्डर्सशी बोललो आहोत. मी "हितसंबंधी" म्हटलं. कुणाला कळलं नाही. मग म्हटलं, "ज्याचं ज्याचं यात काही जाऊ शकतं, तो प्रत्येक जण."

मग सदाभाऊ म्हणाले, "पाण्याची गोष्ट हाय. तुकाराम, बोल."

तुकाराम उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली. "माझी काय हरकत न्हाय," तो पुटपुटला आणि बसायला लागला.

"मी बोलू का?" हिराबाई पायरीवरून म्हणाली.

"सभा गावकीची हाय, हिरा," सदाभाऊ म्हणाले. आवाज वाईट नव्हता.

"व्हय ना. मी तुमच्या सभेत कुठं येते. मी पायरीवरच हाय. एकच विचारते. सखलाचा शब्द आधी ना? तुकारामभाऊचं शेत सखल. पण उघाडी उघडली की त्याच्या शेतातलं पाणी कुठं जातं?"

मंडपातल्या माना उघाडीच्या दिशेला वळल्या.

"माझ्या खडकावर. मग सखल तो का मी?"

कुणीतरी हसून म्हणालं, "खडकाचा सातबारा दाखव आधी."

"तुझ्या बापानं दर थंडीत माझ्या सासूकडनं कालवं खाल्ली, तवा न्हाय मागितला सातबारा."

हशा पिकला. सदाभाऊ हसले नाहीत. "असं धरलं तर शेवट कुठं, हिरा? आज तू, उद्या खालचं गाव, परवा मुरूडवाले येतील, आमी पण सखल. मग विचारणं थांबवायचं कुठं?"

तो प्रश्न मला उगाच काढलेला वाटला नाही. अण्णा तो पानंच्या पानं लिहीत होते. आकाशात कण पसरले आणि दुसऱ्या खंडातला पाऊस हलला, तर त्यांना विचारायचं कुणी, कुठल्या मंडपात? मला वाटलं, आता तन्वी काही बोलेल. ती वहीत रेघा मारत होती.

तेवढ्यात तुकाराम पुन्हा उठला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"ती बोलते त्यात खोटं काय न्हाय," तो म्हणाला. "उघाडीच्या खाली ती हाय. माझा पयला शब्द आजपासनं तिला." आणि तो इतका मोकळा होऊन बसला की शेजारच्याने त्याच्या मांडीवर थाप मारली.

मंडपात कुजबुज झाली. पण नियम त्यांचाच होता. सदाभाऊ म्हणाले, "बोल मग. वर येऊन बोल."

ती वर आली नाही. उभी मात्र राहिली. "बाई," तिने तन्वीला विचारलं, "ही पावडर चांगली का वाईट?"

मी भाषांतर करायची गरज नव्हती. तन्वी म्हणाली, "चांगलीच असेल असं वाटतं. पण शंभर टक्के नाही सांगता येत, मावशी."

"म्हंजे माझ्यावर करून बघणार."

तन्वीने मान खाली घातली. मग म्हणाली, "दुसरी साइट पण आहे. पलीकडच्या काठाला. तिथल्या पंचायतीची परवानगी पण आहे. उद्या दुपारच्या ओहोटीला पोती तिकडे नेता येतील. बांधाचं जे ठरलंय ते तसंच राहील."

"मग तिकडं टाका," हिराबाई म्हणाली. "माझी काय हरकत न्हाय."

सगळ्यांना हायसं वाटलं. सदाभाऊंनी नारळ फोडायला सांगितला. तन्वी फोन लावायला बाहेर गेली. मला खोबऱ्याचा तुकडा मिळाला आणि तो बराच वेळ माझ्या हातातच राहिला. सभा चांगली झाली होती. जिचं ऐकायला हवं होतं तिचं ऐकलं गेलं. आणि पोती खाडीच्या पलीकडे जाणार होती.

संध्याकाळी सदाभाऊंच्या शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला, तोंड बंद करून उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. शेंगा सोलताना सदाभाऊ म्हणाले, "तुमी तिला सांगितलंत."

"हो. तिला माहीत असेल असं वाटलं."

"मना राग न्हाय, ताई. पण सर आले असते तर आधी मना विचारलं असतं."

मी विचार करून म्हटलं, "नसतं विचारलं."

ते हसले आणि सगळ्यात मोठी शेंग माझ्या पानावर टाकली.

पलीकडे

सकाळी मी पिशवी भरत होते. हिराबाई अंगणात उभी होती, डोक्यावर पदर, हातात काही नाही. सदाभाऊंच्या पत्नीने चहा विचारला, तो तिने घेतला नाही.

"बाई, होडी तयार हाय. दीर सोडतो. तुमी चला."

"कुठे?"

"पलीकडं. जुबेदाकडं. तिला सांगायला पायजे. आणि त्या पावडरचं मना नीट सांगता येणार न्हाय, मी सिमेंट बोलून मोकळी होईन."

वाटेत कळलं. पलीकडच्या खडकांवर तिकडच्या मुसलमान मोहल्ल्यातल्या बायका कालवं काढतात. जुबेदा त्यांच्यातली थोरली. आठवड्याच्या बाजारात हिराबाई आणि जुबेदा एकाच ओट्यावर बसतात. सकाळपासून दुपारपर्यंत, मध्ये फक्त एक टोपली.

"रात्रभर झोप न्हाय," हिराबाई म्हणाली. "टाका बोलले खरं. पण बाजारच्या दिवशी तिच्या बाजूला बसायचंय ना मना. ती विचारणार, हिरा, कालवं मेली गं. मी काय बोलणार? मना ठाऊक न्हाय?"

दीर वल्ही मारत होता. मी पाण्याकडे बघत होते. दूरच्या विमान कंपन्यांना कुणाच्या शेजारी बसायचं नसतं, असा विचार आला. तो मी बोलून दाखवला नाही. हिराबाईला त्याचा काही उपयोग नव्हता.

जुबेदा घरामागे बसून कालवं धूत होती. हिराबाईला बघून तिने पायानेच पाट पुढे सरकवला. "आज गो कशी काय? बाजार तर परवा."

हिराबाई बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, भराभर. पुडीचा भाग आला तेव्हा माझ्याकडे वळली, आणि मी सांगितलं तेवढंच, जेवढं मला माहीत होतं: बहुतेक काही होणार नाही, नक्की कुणालाच ठाऊक नाही. जुबेदा ऐकत होती. हात थांबले नव्हते.

"आमची पंचायत हो बोलली?"

"असं त्या कंपनीच्या बाईंनी सांगितलं," मी म्हटलं.

"आमच्या मर्दांना विचारलं असेल. माझी तर फिकीर नाय केली कोणी." मग तिने हिराबाईकडे पाहिलं. "आणि तू काय बोललीस सभेत?"

हिराबाईने पदर सारखा केला. "मी बोलले, तिकडं टाका."

जुबेदाने पातेल्यातलं पाणी ओतलं. दुसरं घेतलं. मला वाटलं, आता आम्हाला जायला सांगणार.

"आणि मग सांगायला आलीस."

"व्हय."

"काल बोललीस आणि आज आलीस. काल येऊन मग बोलली असतीस तर?"

"काल सुचलं न्हाय."

"हं," जुबेदा म्हणाली. ती रागावली होती, हे तिच्या मानेवरून कळत होतं. "मग आता जा आणि सांग, जुबेदा नाय बोलली."

"मी न्हाय सांगणार. तुझा शब्द मी कशाला नेऊ? तू चल."

"तुमच्या गावकीत मी येऊ?"

"मी तरी कुठं आत होते? पायरी मोठी हाय."

जुबेदाने पातेलं झाकलं, त्यावर दगड ठेवला, हात पुसले. आत जाऊन सुनेला काहीतरी सांगितलं आणि ओढणी घेऊन बाहेर आली. होडीत दोघी समोरासमोर बसल्या. एकमेकींशी बोलल्या नाहीत. दिराने एकदा काही बोलायला तोंड उघडलं आणि दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं, तसा तो वल्ह्याकडे वळला.

आम्हाला उशीर झाला होता. पाणी झपाट्याने उतरत होतं. खाडीच्या मध्यावर कांदळाच्या बेटापाशी होडीचा तळ खरवडला, आणखी थोडी सरकली, आणि चिखलात बसली. दिराने खाली उतरून ढकलून पाहिलं. हलली नाही.

आमच्या बांधावर माणसं दिसत होती. धक्क्यावर पोत्यांनी भरलेली मोठी होडी तयार होती, ती खोल पाण्यात असल्याने तरंगत होती. तिच्यापाशी तन्वी, आणि शेजारी सदाभाऊ. त्यांनी तोंडापुढे हातांचा कर्णा केला.

"हिरा. काय झालं?"

हिराबाईने जुबेदाकडे पाहिलं. जुबेदा पाण्याकडे बघत होती. मग तिने होकाराची मान किंचित हलवली.

हिराबाई होडीत उभी राहिली. होडी डुगडुगली तशी जुबेदाने तिचं लुगडं मागून घट्ट धरलं.

"दोघी येतोय," हिराबाई ओरडली. "भरती लागली की येतो. तवर काय टाकू नका."

सदाभाऊ तन्वीशी बोलताना दिसले. तन्वीने फोन कानाला लावला, बराच वेळ ठेवला, मग खाली घेतला. तिने मोठ्या होडीवाल्याला हाताने काहीतरी सांगितलं. त्याने वल्ही आत ओढून घेतली.

सदाभाऊ जरा वेळ उभे राहिले. मग बांधावर बसले. त्यांच्या शेजारी तन्वीही बसली.